तेवीस लिटर पाणी आणि आमची वहिनी

आधीच सांगून ठेवते, मला गणिताचं काडीचं प्रेम नाही. शाळेत गणिताच्या तासाला माझं पोट दुखायचं आणि तास संपला की आपोआप थांबायचं. पण आज मला कुणी गाढ झोपेतून उठवून विचारलं, की बाई गं, लॉग म्हणजे काय, तर मी कूस न बदलता सांगेन. याचं सगळं श्रेय आमच्या वहिनीचं. तिच्याबद्दल कुणीतरी लिहायला हवं असं मी चार जणांना सुचवलं, चौघांनीही मान डोलावली आणि कुणी पेन उचललं नाही. म्हणून म्हटलं, जाऊ दे, आपणच बसू.

वहिनी म्हणजे माझ्या थोरल्या भावाची बायको. दादाचं सायकल दुरुस्तीचं दुकान आहे. मी पाणी शुद्धीकरण केंद्रात स्टोअरकीपर आहे. काचेच्या नळ्या, औषधांच्या बरण्या, झाडू, फिनेल, सगळं माझ्या ताब्यात, आणि माझ्या सहीशिवाय तिथली एक काडी हलत नाही. वहिनी त्याच केंद्राच्या प्रयोगशाळेत बाटल्या धुवायची. शहरभरच्या नळांचे नमुने बाटल्यांतून यायचे, तपासून झाले की त्या बाटल्या तिच्या मोरीत. दिवसाला दीडशे, कधी दोनशे. एकोणीस वर्षं. सगळे तिला बाटलीबाई म्हणायचे. तिला त्याचं काही वाटायचं नाही, मला मात्र फार वाटायचं, पण मी कधी कुणाला टोकलं नाही.

ती रोजंदारीवर होती. आमच्याकडे रोजंदारीवाल्यांनी हजेरीच्या वहीत सही करायची नसते. त्यांच्या नावापुढे स्टोअरकीपरनं खूण करायची असते. म्हणजे सकाळी एकाच घरातून, एकाच डब्यातली पोळीभाजी वाटून घेऊन, आम्ही दोघी बरोबर निघायचो, आणि दारातून आत गेल्यावर मी माझी सही करायची आणि तिच्या नावापुढे एक खूण मारायची. एकोणीस वर्षांत किती खुणा झाल्या असतील, मी मोजल्या नाहीत.

तिचं बाटली धुणं बघण्यासारखं होतं. घोटभर पाणी घालायचं, खळखळून हलवायचं, उलटी करून शेवटचा थेंब झटकायचा. असं तीनदा. नळाखाली बाटली धरून नुसतं पाणी वाहू देणाऱ्यांचा तिला भयंकर राग यायचा. "वन्सं, वाहत्या नळाखाली धरलं की आलेलं नवीन पाणीच आधी पळून जातं," ती म्हणायची. "जुनी घाण आत बसून मजा बघते." मी हो हो म्हणायचे. बाटल्या धुण्यात कसलं आलंय शास्त्र, असं मनात म्हणायचे. एवढी मी शहाणी.

आता परीक्षेचं सांगते. आमच्याकडे प्रयोगशाळा सहायकाच्या जागेसाठी वर्षातून एकदा खात्याची परीक्षा असते. दहावी पास, दहा वर्षं काम आणि वय पंचेचाळीसच्या आत, एवढ्या तीन अटी. वहिनी दोनदा बसली आणि दोनदा नापास झाली. दोन्ही वेळा कारण एकच, लॉगचे प्रश्न. ते पान तिनं दोन्ही वेळा कोरं ठेवलं होतं. आणि यंदाच्या परीक्षेनंतर आठवड्याभरात तिला पंचेचाळीस पूर्ण होणार होती. यंदा हुकली की संपलं. मग निवृत्तीपर्यंत मोरी, बाटल्या आणि माझी खूण.

दुसऱ्यांदा नापास झाली तेव्हा मी तिला म्हणाले होते, "वहिनी, झेपत नाही तर कशाला जिवाला घोर लावून घेतेस?" मला वाटलं होतं मी समजूत घालतेय. ती उठली. जेवणाची भांडी घासायला गेली आणि बराच वेळ बाहेर आलीच नाही. ते आठवलं की आजही मला माझ्या जिभेचा राग येतो.

यंदा शिकवायला घरातलंच माणूस होतं. माझी भाची, म्हणजे दादा-वहिनीची मुलगी, बारावीला शास्त्र शाखेत. रोज पहाटे दोघी स्वयंपाकघराच्या ओट्याशी बसायच्या. भाचीचा आवाज माझ्या खोलीपर्यंत यायचा. "आई, दहाचा कितवा घात केला की शंभर येतात? दुसरा. म्हणून लॉग शंभर बरोबर दोन. हजाराचा तीन. दहा हजाराचा?" वहिनी म्हणायची, "चार." "मग दोनचा लॉग?" इथे गाडी अडायची. तक्त्यात शून्य पूर्णांक तीन शून्य एक शून्य असं लिहिलेलं. वहिनी विचारायची, "पण दहा स्वतःशी पाव वेळा की तीन दशांश वेळा गुणायचा म्हणजे कसा गं? अर्धवट वेळा कुणी गुणतं का?" आणि भाची म्हणायची, "आई, तसंच असतं, पाठ कर." दादा पलीकडे चहा गाळत म्हणायचा, "पाठ करून पंक्चर निघत नाही." त्याला मध्ये बोलायची सवयच आहे.

मग एका मंगळवारी तो प्रकार झाला.

मी स्टोअरमध्ये नवीन नळ्यांचे खोके उघडत होते. वहिनी ओल्या हातांनी धावत आली आणि तिनं माझं मनगटच धरलं. "वन्सं, चला." म्हटलं कुणाला कापलं की काय. मला ओढत ती प्रयोगशाळेत घेऊन गेली. सहायक मुलगी रजेवर असली की नळ्या लावायचं काम वहिनीच करायची, नाव अर्थात त्या मुलीचं लागायचं. काम असं, की नमुन्याच्या पाण्यातलं एक मिली घ्यायचं आणि नऊ मिली स्वच्छ पाण्यात घालायचं. ही पहिली नळी, दहा पट पातळ. त्यातलं एक मिली पुढच्या नऊ मिलीत. दुसरी नळी, शंभर पट. मग तिसरी, हजार पट. हे ती गेली कित्येक वर्षं करत होती. आज तिनं फावल्या वेळात तेच लाल शाईचं केलं होतं. लाकडी चौकटीत सहा नळ्या, पहिली गडद गुलाबी, मग फिकी, मग आणखी फिकी.

"ही कितवी?" तिनं बोट ठेवलं.

"दुसरी."

"किती पट पातळ?"

"शंभर. एवढं मलाही येतं."

"लॉग शंभर किती?"

मी नळीकडे बघितलं, मग तिच्याकडे. ती हसत होती. डोळे नुसते लकाकत होते. "हा नळीचा नंबर आहे, वन्सं. लॉग म्हणजे कितवी नळी. एवढंच. एकोणीस वर्षं मी लॉग धुतेय आणि मला कुणी सांगितलं नाही."

आणि तिथे ती थांबली असती तर ती आमची वहिनी कसली. तिनं अर्धवट नळ्यासुद्धा करून ठेवल्या होत्या. शाई दुप्पट पातळ केली तर ती कितवी नळी? मूळ शाई आणि पहिली नळी यांच्या मध्ये कुठेतरी. तक्ता म्हणतो ०.३०१०. म्हणजे पहिल्या नळीकडे जायच्या वाटेवर तिसऱ्या हिश्श्याच्या जरा अलीकडे. "मग तीनदा दुप्पट केलं की पहिली नळी यायला हवी ना, जवळजवळ? तीनदा दुप्पट म्हणजे आठ पट. दहाच्या जरा कमी. बघा." तिनं आठ पटवाली नळी पहिल्या नळीशेजारी धरली. अगदी बारीकसा फरक, आठ पटवाली थोडी गडद. ०.३०१० तीनदा घेतलं की ०.९०३०, एकाच्या जरा अलीकडे. माझ्या अंगावर काटा आला, हे मी कबूल करते.

"आता हे." तिनं दुप्पट पातळ शाई घेतली आणि माझ्यासमोर पाचपट पातळ केली. पहिल्या नळीशी लावली. रंग तंतोतंत एक. तिनं तक्त्याचं पान उघडलं. दोनचा लॉग ०.३०१०, पाचाचा ०.६९९०. बेरीज बरोबर एक. "पटींचा गुणाकार करायचा असला तर नळ्यांची बेरीज करायची. मोठाले गुणाकार करण्यापेक्षा बेरीज बरी, म्हणून ही सगळी खटपट केलीय कुणीतरी." त्या कुणीतरीबद्दल ती इतक्या प्रेमानं बोलली, जणू तो तिच्या माहेरचाच.

त्या दिवसापासून लॉगची भीती संपली. पन्नासचा लॉग विचारला तर म्हणायची, पन्नास म्हणजे पहिली नळी ओलांडली, दुसरी गाठली नाही, म्हणून दशांशाआधीचा आकडा एक. उरलं पाच पट, त्याचं तक्त्यातून ६९९०. एक पूर्णांक सहा नऊ नऊ शून्य. रस्त्यानं चालताना दुकानांच्या पाट्यांवरचे आकडे दिसले की तिचं सुरू. तीनशे वीस? दोन पूर्णांक पाच शून्य पाच. मला घाम फुटायचा, पण मजाही यायची.

राहिला नैसर्गिक लॉग. पेपरात तो येणारच होता. आमचे मुख्य केमिस्ट हेच परीक्षक. थेंब न थेंब मोजतात म्हणून सगळे त्यांना थेंबसाहेब म्हणतात, अर्थात पाठीमागे. माणूस कडक, पण लबाड नाही. वहिनीनं धीर करून त्यांना विचारलं. ते म्हणाले, "साधा लॉग काढा आणि २.३०३ नं गुणा. झाला नैसर्गिक." वहिनी म्हणाली, "पण का, साहेब?" ते म्हणाले, "का म्हणजे? तसंच असतं."

घरी येईपर्यंत ती धुमसत होती. "सगळ्यांचं तसंच असतं. माझी पोरगी तेच म्हणते, साहेब तेच म्हणतात." भाचीला तिनं धारेवर धरलं. भाचीनं वही चाळून सांगितलं, की साधा लॉग दहाचा, हा लॉग ई नावाच्या एका आकड्याचा, २.७१८ आणि पुढे न संपणारं. जे टप्प्याटप्प्यानं होत नाही, सतत, न थांबता कमी होत जातं किंवा वाढत जातं, त्याला हा लागतो.

"सतत," वहिनी म्हणाली. मग ती उठली, मोरीतला नळ सोडला आणि वाहत्या पाण्याकडे बघत राहिली. दादा म्हणाला, "पाणी वाया जातंय." तिनं ऐकलंच नाही.

त्या रविवारी मी माझ्या नोकरीतला पहिला गुन्हा केला. सुट्टीच्या दिवशी दुपारी प्रयोगशाळेचं कुलूप उघडलं. वहिनी, भाची आणि मी. मोरीत दहा लिटरचं कुंड आहे, काठोकाठ भरलं की जादा पाणी एका तोटीतून बाहेर पडतं. वहिनीनं ते भरलं, त्यात शाई घातली आणि तिच्या नळ्यांच्या चौकटीत मूळ रंग, पहिली नळी, दुसरी नळी अशी ओळ लावली. "आता वरून नळ सोडायचा बारीक. जेवढं आत येईल तेवढं तोटीतून बाहेर जाईल. बाहेर आलेलं आपण मोजायचं. कुंडातला रंग पहिल्या नळीइतका फिका व्हायला किती लिटर लागतात ते बघू."

पहिल्या वेळी एकतीस लिटर लागले. भाचीनं तोंड वाकडं केलं. वहिनीनं कुंडात वाकून बघितलं. "मेलं वरचं पाणी वरच्या वर तोटीतून जातंय. खालची शाई हललेली नाही. कुणीतरी ढवळा." ढवळायचं काम माझ्याकडे आलं. लाकडी पट्टी घेऊन मी ढवळत बसले, पुन्हा शाई, पुन्हा नळ. भाची लिटरचं माप भरभरून ओतत होती आणि वहीत रेघा मारत होती. दहा लिटर झाले तेव्हा वहिनीनं नमुना काढला. अजून चांगला गडद. पंधरा. वीस. माझा खांदा भरून आला होता. एकवीस. बावीस. वहिनी दर लिटरला नळी लावून बघत होती, पांढऱ्या कागदावर, वरून खाली. तेवीस.

"थांबा," ती म्हणाली.

भाचीनं बघितलं. मी बघितलं. दोन नळ्यांची अदलाबदल केली तर कुठली कुठली हे सांगता आलं नसतं.

"तेवीस लिटर," भाची हळूच म्हणाली. "कुंड दहा लिटरचं. म्हणजे दोन पूर्णांक तीन कुंडं. आई, २.३०३." आणि मग ती एकदम किंचाळली, की दहा लिटरला काढलेला नमुना कुठे आहे. तो होता. तिनं घाईघाईनं कुंडातून आधीच बाजूला काढलेली मूळ शाई २.७१८ पट पातळ केली, शंभर मिलीची दोनशे बहात्तर मिली, आणि त्या नमुन्याशेजारी धरली. तोच रंग. एक कुंडभर पाणी वाहून गेलं की रंग जितक्या पटीनं पातळ होतो, तो आकडा म्हणजे ई.

वहिनी स्टुलावर बसणार होती, पण स्टूल सहायकांचं, म्हणून ती मोरीच्या कडेवरच बसली. "म्हणजे साधा लॉग सांगतो किती नळ्या, आणि नैसर्गिक लॉग सांगतो किती कुंडं वाहून गेली. एका नळीची दोन पूर्णांक तीन कुंडं." ती रडत होती की हसत होती ते मला कळलं नाही. मला तिचा इतका अभिमान वाटला, की मी ती ओली पट्टी हातात घेऊन तशीच उभी राहिले आणि माझी साडी शाईनं रंगली. तो डाग अजून आहे.

परीक्षा झाली. वहिनी बाहेर आली ती फुलूनच. सगळा पेपर सोडवला होता. शेवटचा प्रश्न दहा मार्कांचा, तोही तिच्या आवडीचा. पन्नास हजार लिटरची टाकी धुतल्यावर तिच्यात कडक क्लोरीन भरलं आहे. टाकी भरलेली ठेवून एका बाजूनं साधं पाणी सोडायचं, दुसऱ्या बाजूनं बाहेर जाऊ द्यायचं. क्लोरीन शंभर पट पातळ व्हायला किती पाणी लागेल? वहिनीनं लिहिलं होतं, शंभर म्हणजे दुसरी नळी, दोनला २.३०३ नं गुणून ४.६०६ टाक्या, म्हणजे दोन लाख तीस हजार तीनशे लिटर.

बुधवारी यादी लागली. पास व्हायला पन्नास हवे होते. वहिनीला सेहेचाळीस.

मी स्टोअर उघडं टाकून थेट उत्तरपत्रिकाच बघायला गेले. शेवटच्या प्रश्नाला लाल पेनानं भोपळा होता. बाजूला थेंबसाहेबांच्या अक्षरात बरोबर उत्तर, लॉग शंभर बरोबर दोन, म्हणून दोन टाक्या, एक लाख लिटर. यादी शुक्रवारी संध्याकाळी मुख्य कार्यालयात जाणार होती. शनिवारी वहिनीला पंचेचाळीस पूर्ण होणार होती.

तिला सांगितलं तर ती मोरीशी उभी राहून म्हणाली, "माझंच चुकलं असेल. साहेबांना जास्त कळतं."

माझं डोकंच फिरलं. "तेवीस लिटर कुणी मोजले? साहेबांनी? ढवळून ढवळून खांदा माझा गेला आणि चुकलं तुझं? आपल्या टाकीवर ती पाटी आहे ना, धुलाईनंतर दोन टाक्या पाणी सोडणे, ती थेंबसाहेबांनीच लिहिलीय. आणि टाकीवरचा माणूस दर वर्षी काय करतो? दोन टाक्या सोडतो, वास घेतो, नाक मुरडतो आणि दुपार टळेपर्यंत पाणी सोडत बसतो. का? कधी कुणी विचारलं? सगळ्यांना वाटतं त्याचं नाक तिखट आहे."

वहिनीनं नळ बंद केला. मग तिनं हात पुसले. "चला," म्हणाली.

साहेबांच्या खोलीत मीच बोलायला तोंड उघडलं होतं, पण वहिनीनं मला कोपरानं मागे सारलं. ती खुर्चीसमोर उभी राहिली. "साहेब, तुमचं उत्तर नळीचं आहे. नळीत आपण एक हिस्सा ठेवतो आणि नऊ हिस्से नवीन घालतो. नवीन पाणी बाहेर जात नाही. टाकीचं तसं नाही. टाकी भरलेलीच आहे. आत गेलेलं नवीन पाणी जुन्याबरोबर मिसळतं आणि त्यातलं काही लगेच बाहेर पडतं. टाकी नऊ हिस्से रिकामी करून पुन्हा भरली असती, असं दोनदा, तर दोन टाक्यासुद्धा लागल्या नसत्या. मी बाटल्या तशाच धुते. पण वाहत्या पाण्यानं धुवायचं तर नैसर्गिक लॉग लागतो."

थेंबसाहेबांनी चष्मा काढला. "बाई, मी तीस वर्षं पातळ करतोय."

"नळ्यांत, साहेब," वहिनी म्हणाली.

मला वाटलं, आता संपलं. मग साहेब उठले आणि म्हणाले, "दाखवा."

गुरुवारी सकाळी मोरीभोवती अख्खं केंद्र जमलं. टाकीवरचा तो तिखट नाकाचा माणूस सगळ्यांत पुढे. शाई साहेबांनी स्वतः घातली, पहिली आणि दुसरी नळी स्वतःच्या हातानं केली, थेंब न थेंब मोजून. या वेळी उंच नळ्या घेतल्या, म्हणजे वरून बघितलं की फिका रंगही नीट दिसतो. ढवळायला मी. भाचीनं कॉलेज बुडवलं होतं आणि माप तिच्या हातात होतं.

वीस लिटरला वहिनी थांबली. "साहेब, तुमच्या दोन टाक्या झाल्या. शंभर पट व्हायला हवा." साहेबांनी नमुना काढला आणि दुसऱ्या नळीशेजारी धरला. कुठे तो गुलाबी रंग आणि कुठे ही पाण्यासारखी नळी. त्यांनी तो पहिल्या नळीशी लावला. पहिलीपेक्षाही गडद निघाला. साहेबांच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या.

"चालू द्या," ते म्हणाले.

तेवीसला पहिली नळी जुळली. कुणीतरी टाळी वाजवली, साहेबांनी मागे वळून बघितलं, टाळी थांबली. तीस लिटर. माझा हात गळायला आला होता, टाकीवाल्यानं पट्टी माझ्याकडून घेतली. चाळीस. आता रंग असा, की आहे म्हटलं तर आहे. चव्वेचाळीस. साहेब दर लिटरला वाकून बघत होते. पंचेचाळीस. सेहेचाळीस.

साहेबांनी नमुना काढला. दुसऱ्या नळीशेजारी ठेवला. एकदा बघितलं. नळ्यांची जागा बदलून पुन्हा बघितलं. चष्मा पुसून तिसऱ्यांदा बघितलं. मग त्यांनी पाय लांब करून सहायकांचं स्टूल पुढे ओढलं आणि वहिनीला म्हणाले, "बसा."

ती बसेना. एकोणीस वर्षांत त्या स्टुलावर तिला कुणी बस म्हटलं नव्हतं. साहेब पुन्हा म्हणाले, "बसा हो बाई, मी चुकलो." तेव्हा ती बसली. टाकीवाला सगळ्यांना सांगत सुटला, की त्याचं नाक मुळीच तिखट नाही, तो आधीपासून हेच म्हणत होता. असं कधी म्हणाला होता देव जाणे.

त्याच दुपारी साहेबांनी उत्तरपत्रिकेवरचा भोपळा खोडून दहा लिहिले, बाजूला स्वतःची सही केली आणि यादी दुरुस्त केली. टाकीवरची पाटीही उतरवली. नवीन पाटी वहिनीला लिहायला लावली, कारण म्हणे अक्षर तिचं चांगलं आहे. त्यावर आता लिहिलंय, पाणी वाहतं ठेवून धुतल्यास साडेचार टाक्या आणि वर थोडं. घरी दादानं विचारलं, "मग, निघालं का पंक्चर?" आणि वहिनी त्याला धपाटा घालायला धावली. मी इतकी हसले की माझा घसा बसला.

नेमणुकीचं पत्र पंधरा दिवसांनी आलं. दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही नेहमीसारख्या एकत्र निघालो. मी हजेरीची वही उघडली, माझी सही केली आणि हात आपोआप खाली तिच्या नावाकडे गेला. खूण मारायला पेन टेकवलंही होतं.

"वन्सं," ती हळूच म्हणाली, "आजपासून मी करायची ना?"

मी पेन तिच्या हातात दिलं. माझ्या डोळ्यांत पाणी आलं होतं आणि ते तिला दिसू नये म्हणून मी उगाच किल्ल्या शोधायला लागले. तिनं पदराला हात पुसले, खाली वाकली आणि सावकाश पूर्ण नाव लिहिलं, माहेरचं, सासरचं, सगळं. सही चौकटीत मावली नाही, शेजारचे दोन रकाने तिनं व्यापले. रकान्याबाहेर कुणाचं टिंब गेलं तरी मी दिवसभर कटकट करते, हे सगळ्या केंद्राला ठाऊक आहे. त्या दिवशी मी वही मिटली आणि स्टोअर उघडायला गेले.